भावानं पसंत केलेली जीप

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला पाहिजे होतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कधी माझ्या घरी चहाला येणार नाही, म्हणून असेल.

आधी त्या जीपचं. नुसतं नाव काढलं तरी डोकं फिरतं माझं. जुनी, हिरवी, फोर-व्हील ड्राइव्ह. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत ती धड वळायचीसुद्धा नाही, मागं-पुढं करून घाम निघायचा. पण मला तीच पाहिजे होती. कंपनीतले आम्ही काही जण रविवारी दौलताबादच्या मागच्या माळावर जायचो. त्यांच्या गाड्या दगडधोंड्यांवरून चढायच्या आणि मी शेजारच्या सीटवर बसून वा वा करायचो. किती दिवस करणार?

मनीषाला साधा छोटा टेम्पो हवा होता. शाळेतली नोकरी सोडून तिनं गंगापूरजवळच्या आमच्या शेतात मिरची-टोमॅटोच्या रोपांची नर्सरी सुरू केली होती. रोपांचे ट्रे शेतकऱ्यांकडं पोचवायला गाडी लागत होती, आणि पैसा तिच्या नोकरीतला होता. मी तिला पटवलं. अगं, शेताकडं जाणारी आपली पाणंद काळ्या मातीची, पावसात तुझा टेम्पो रुतून बसेल. फोर-व्हील असली की चारी चाकं ओढतात, कितीही चिखल असू दे! खोटं नव्हतं ते. फोर-व्हील चालू असलेल्या गाडीबद्दल तरी नव्हतं.

तिनं एकच अट घातली — दादाला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, भागवत. वैजापूरला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं मोठं दुकान आहे त्याचं. आवाज दुकानाहून मोठा. "दाजी, राहू द्या, तुम्हाला नाय कळायचं" — हे मी लग्नापासून ऐकत आलोय. आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? त्याला खरंच कळतं.

जुनी गाडी बघायला जाताना जाणता माणूस सोबत न्यायचा, ही आमच्याकडची रीतच. मीही नेलं की भागवतला! पण मी आदल्या दिवशीच एकटा जाऊन इसार देऊन आलो होतो. सौदा पक्का. रविवारच्या ग्रुपवर जीपचा फोटोसुद्धा टाकून झाला होता. भागवतला नेलं ते नुसतं मनीषाच्या समाधानासाठी.

तो पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. बाहेर आला, हात झटकले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडाच काढून घेतलाय हिचा. फोर-व्हीलचा लिव्हर नुसता शोभेला. घेऊ नका."

मी इसाराचं सांगितलं. एरवी त्यानं मला चारचौघांत सोलून काढलं असतं. मी म्हटलं, दांडा बसवून घेतो लवकरच, मनीषाला एवढ्यात काही बोलू नका. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाला आणि वैजापूरच्या गाडीत बसला.

आणि मी काय केलं? हार घातलेली जीप दारात आणून उभी केली. मनीषा ओवाळायला ताट घेऊन आली. दादा काय म्हणाला, विचारलं तिनं. मी म्हटलं — खालून-वरून बघितली त्यांनी, म्हणाले, डोळे झाकून उचला.

दांडा बसवला असता तर? डोंबलाचा बसवतोय! गॅरेजवाला म्हणाला, पुढचा सगळा सेटच बदलावा लागेल. खर्च ऐकून मी जीप तशीच परत आणली. रविवारी माळावर गेलो की आज क्लच बरोबर नाही, आज टायर गुळगुळीत झालेत, असं म्हणत सपाटीवर थांबायचो.

मग भर पावसात मिरचीची रोपं पोचवायचा दिवस आला. जीप ट्रेंनी भरलेली, शेजारी मनीषा. पाणंदीत निम्म्यातच मागची चाकं रुतली. आणि मी — ज्याला सगळं माहीत होतं — तिच्यासमोर तो लिव्हर ओढला. परत परत ओढला. कुणाला दाखवत होतो? पुढची चाकं ढिम्म हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर मिळेपर्यंत रोपं एकमेकांवर दबून सडली. शेतकरी थोडेच थांबतात? त्यांनी दुसरीकडून नेली. पुढच्या हंगामात नर्सरीकडं कुणी फिरकलं नाही. मनीषा आता दुसऱ्या एका शाळेत शिकवते, पहिल्या शाळेपेक्षा कमी पगारावर.

जीप रुतली त्या संध्याकाळीच, चिखलाच्या पायांनी, तिनं भावाला फोन लावला. स्पीकरवर. मी समोर उभा.

"दादा, तू बघितली होतीस ना गाडी?"

मी माझ्या चपलेचा चिखल खरवडत होतो.

"व्हय, मने," म्हणाला. "माझ्याच नजरेतून सुटलं."

"सुटलं? तुझ्या? का कमिशन खाल्लंस त्या माणसाकडून?"

त्यानं फोन ठेवला. मी चपला धुवायला नळाकडं गेलो. तेव्हापासून ती भाऊबीजेला वैजापूरला जात नाही. तो मात्र दर दिवाळीला मला फोन करतो — हळू आवाजात, "मनी बरी हाय ना?" म्हणतो. त्याचा तो हळू आवाज मला सहन होत नाही. का नाही ओरडला तो? त्यानं एकदा जरी तोंड उघडलं असतं! बघा, अजूनही मी त्याच्यावरच ढकलतोय.

गेल्या महिन्यात जीप विकली. घेणारे गृहस्थ शहरातलेच, सोबत त्यांचा मेहुणा, गाडी बघायला. तो वाकायच्या आतच मी सांगून टाकलं — पुढचा दांडा नाही, फोर-व्हील चालत नाही. परक्या माणसाला. किती सोपं गेलं.

"लेते वखत किसी को दिखाए नै क्या?" त्यांनी विचारलं.

मनीषा चहा घेऊन दारात उभी होती. "दाखवली होती ना," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाला."

"अपने लोगां ही ऐसा करते, भाभी."

मी चहाचा घोट घेतला. म्हटलं, साखर जरा कमी पडलीय.

ती साखर आणायला आत गेली.