वाळूला लागलेला रंग

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी नंजनगूडहून परतीच्या बसमध्ये होते. पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण महिना उलटलाय, लिहून टाकते. मनात आलं, तो रंग कुणाचा होता हे कबूल करायला आता ती उरली नाही... रडू नंतर आलं. पुष्कळ आलं.

कमल माझी चुलतबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. आमचे आजोबा म्हैसुरात कापड रंगवायचे, छापायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकले. कमल रंगाच्या हंड्यापासून चार हात लांब बसून पुस्तक वाचायची. पुढे ती भूगोलाची प्राध्यापक झाली, म्हैसुरातच जयलक्ष्मीपुरमला घर केलं. मी नंजनगूडच्या शाळेत शिवणकाम शिकवत राहिले. घरातल्या कार्यात कुणीही आलं की पहिला प्रश्न, "कमल कुठे आहे?" मी समोर उभी असताना! "समुद्रावर गेलीय," असं मीच हसून सांगायची. आतून मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

समुद्रकिनारा हा तिचा विषय. कारवारकडच्या एका नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढत वाढत नदीला आडवा येतो आणि पावसाळ्यात पूर आला की फुटतो. ती वाळू येते कुठून, हे कमलला पाहायचं होतं. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते आणि उताराने सरळ खाली येते, म्हणून एकेक कण नागमोडी पुढे सरकतो, हे ती मला ताटातल्या रव्यावर बोटाने काढून दाखवायची. पोतंभर वाळू रंगवून लाटांत सोडायची आणि दुसऱ्या दिवशी ती कुठे सापडते ते बघायचं, असा तिचा बेत. शेवटी रंगाऱ्याचीच नात! तिने आजोबांची कृती आठवून आठवून केली... हिरडा, तुरटी, मंजिष्ठ. सुती कापडाची कृती वाळूला! पहिल्याच लाटेला फेस गुलाबी झाला आणि कोळणी पोट धरून हसल्या. म्हैसूरला उतरली ती थेट माझ्याकडे आली.

"अय्यो अक्का, रंग सगळा होय्तु, धुऊन गेला! एक कण राहिला नाही."

"वाळू धुतली होतीस?"

"समुद्रातलीच ती. तिला आणखी काय धुवायचं?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अंगावर मीठ असलं की रंग धरत नाही, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी वाळू गोड्या पाण्यात सात वेळा धुतली, गच्चीवर वाळवली आणि लाखेच्या पॉलिशमध्ये लाल भुकटी कालवून कणाकणाला चोळली. ते लाल कण पुढे दांड्याच्या टोकाशी सापडले, म्हणजे दांड्याची वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत येते हे ठरलं. कमलचं नाव झालं. तिच्या शोधनिबंधाच्या शेवटी सगळ्यांचे आभार होते, होडीवाल्याचेसुद्धा. माझे नव्हते. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

त्यानंतर दरवर्षी ती बोलवायची, "बा अक्का, या वर्षी तरी चल ग." मी दरवर्षी वाळू रंगवून द्यायची आणि निघायच्या दिवशी माझे गुडघे दुखायचे. गुडघे ठणठणीत होते.

गेल्या आठवड्यात तिची विद्यार्थिनी नवा अहवाल घेऊन आली. त्यात या पोरीने माझं नाव छापलंय. ती संकोचून म्हणाली, "मॅडमना मी एकदा विचारलं होतं, अक्कांचं नाव का नाही? तर म्हणाल्या, रंगाऱ्याच्या घरात जन्मून मला रंग येत नाही, हे छापून कशाला सांगू?"

म्हणजे तीही जळत होती... माझ्यावर! मला हसू फुटलं. बरी सापडलीस, म्हटलं, आणि अहवाल घेऊन तडक जयलक्ष्मीपुरमला गेले. तिच्या नाकावर टिच्चून दाखवायला निघावं, तशी.

तिच्या खोलीत वाळू चाळायच्या पितळी चाळण्या तशाच एकावर एक ठेवलेल्या आहेत. सगळ्यात खालचीच्या जाळीत तीन-चार लाल कण अडकले होते. नखाने काढले, तळहातावर घेतले. किनाऱ्यावरून वेचून आणलेले असणार. माझ्याच हातचे, पण माझ्या ओळखीचे वाटेनात. ते कुठून कुठे जाऊन आले, ते तिने पाहिलं होतं. मी नाही.