मीनाच्या नावावरची वेल

मंडळी, आज दुपारी एक काम केलं, ते सांगायला लिहितेय.

तुम्हाला माहितीये, खांदेश्वरला मी घरीच तापलेल्या पेननं लाकडावर नक्षी जाळून देते. आज एक पन्नाशीचे गृहस्थ, विजय, वडिलांना घेऊन आले. हातात जुनी सागवानी पाटी. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास वाशीत फ्लॅट मिळाला, तेव्हा वडिलांनी स्वतः सोल्डरिंगच्या गननं तिच्यावर दोन्ही मुलांची नावं काढलेली. विजय आणि मीना.

वडिलांना आता दिसत नाही. विजय हळूच मला म्हणाले, "बहिणीच्या नावावर वेल काढा. आमच्यासाठी मेली ती."

जळलेलं अक्षर पुसता येत नाही, त्यावर आणखी जाळावं लागतं. मी जाळलं.

मग आजोबांनी पाटीवरून बोट फिरवलं. "विजू आहे. मीना कुठाय?"

"झिजलं नाव, बाबा."

"कसं झिजेल? तुझ्यापेक्षा खोल काढलेलं." ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू बघून सांग."

मी म्हटलं, "खरंच झिजलंय, आजोबा."

तुम्ही काय म्हणाला असतात? घाईनं चांगलं वागू नका, विचार करून सांगा.

वेलीचा फोटो टाकत नाहीये. फार सुंदर आलीय.