तयार फाईल

नागसेन तसा मऊ माणूस. लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो, पोरांनी माऊस तोडला तरी ओरडत नाही. पण नियमाचं नाव काढा, की गडी हटून बसलाच म्हणून समजा.

त्यानं आणि चाकूरच्या मल्लेशनं मिळून मराठी शुद्धलेखन तपासणारा फुकटचा प्रोग्राम केला होता, ‘तपासनीस’. एकानं टाईप करायचं, दुसऱ्यानं ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायची, ही त्यांची रीत. मूळ कोड सगळ्यांना खुला. भांडण झालं ते त्या कोडवरून मशीनसाठी बनणाऱ्या तयार फाईलवरून. नागसेन म्हणे, लोकांना द्यायच्या पॅकेजात फक्त मूळ कोड जाईल. तयार फाईलच्या पोटात काय दडलंय ते कुणाला दिसतं? ज्यानं त्यानं आपल्या मशीनवर बनवून घ्यावी.

"किनवटच्या वसतिगृहातल्या मशीन लई जुन्या हायत," मल्लेश म्हणे. "त्यांच्यावर बनतच न्हाई. ऱ्हाऊ दे की ती फाईल सोबत, तुझं काय जातंय?"

काय जातंय ते नागसेननं दीड तास समजावलं. मग एका दुपारी न विचारताच ती फाईल पॅकेजातून काढून टाकली. त्याच आठवड्यात ‘तपासनीस’ चालेना म्हणून किनवटच्या वसतिगृहातल्या पोरींचा वार्षिक अंक अडला. "बस आता तुझा नियम घेऊन," एवढं बोलून मल्लेश गेला, तो गेलाच. सहा वर्षं झाली.

सहा महिने काम न करणाऱ्याचं नाव बनवणाऱ्यांच्या यादीतून काढायचं, असाही एक नियम होता. नागसेननं तोही पाळला. पण आता स्वतःच टाईप करायचं आणि स्वतःच वाचायचं. एखादी गाठ सुटली, की हा येडा मान वळवून शेजारच्या खुर्चीकडं बघायचा. मल्लेशची आठवण यायची, फार यायची.

परवा कामासाठी चाकूरला गेला, तर पाय मल्लेशच्या झेरॉक्सच्या दुकानाकडंच वळले. मल्लेश नव्हता. त्याची बायको उमा म्हणाली, "बसा भाऊजी. ते किनवटला गेलेत, वसतिगृहात. दरसाली जातात, पेन ड्राइव्ह घेऊन."

काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर तीच जुनी तयार फाईल होती. नागसेननं ती चालू केली. पहिल्याच चौकटीत लिहिलं होतं, ‘बनवणारे: नागसेन, मल्लेश.’ सहा वर्षं हा माणूस आपलं नाव घेऊन किनवटला जातोय, आणि तेही स्वतःच्या नावाआधी. नागसेनला भरून आलं.

आत्ताच्या आत्ता मल्लेशचं नाव यादीत टाकावं, असं त्याला झालं. पण नाव टाकायचं तर त्या माणसाची परवानगी लागते, हाही नियमच. त्यानं फोन लावला.

"मल्लेश, नागसेन बोलतोय, तुझ्या दुकानातनं. तुझं नाव यादीत परत टाकू का?"



"परत म्हंजी? काढलं होतंस?"

मल्लेशनं नवी आवृत्ती कधी उघडलीच नव्हती. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"हाव," नागसेन म्हणाला. "चुकलं माझं."

"उमाला फोन दे."

उमानं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मी येईस्तोवर त्याला जाऊ देऊ नको." उमानं स्टूल पुढं सरकवलं. "पण त्यांना उद्या दुपार होईल, भाऊजी."

"होऊ द्या," नागसेन म्हणाला आणि बसला.