सगळे हेच म्हणून राहिले

"का गा, तुले काय वाटते?" असं विचारून ते उत्तराआधीच मान डोलवायच्या तयारीत असायचे. उत्तर मनाजोगं नसलं, की गळ्यातला दुपट्टा कानांवरून गुंडाळायला घ्यायचे. आमच्या उन्हाळ्यात दुपट्टा सगळेच बांधतात. हे जानेवारीतही बांधत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

कोराडीच्या वीजकेंद्रात ते आणि मी एकाच शिफ्टला होतो. कूलर घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी स्टाफच्या अख्ख्या बसला सल्ला विचारला. बस म्हणाली, प्लास्टिकचा घ्या, गंजत नाही. यांच्या मनात लोखंडी. शेवटी एकटा कँटीनचा चहावाला लोखंडी म्हणाला, तर हे खूश होऊन मला म्हणाले, "पाह्य, सगळे हेच म्हणून राहिले." पुढे कूलर गंजला. आम्ही पोटभर हसलो, तेही हसले.

मग त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, थेंबांनी भागणार नाही, ऑपरेशन लवकर करा. गेलेली नजर परत येत नाही. पण यांच्या मोठ्या बहिणीचा डोळा पूर्वी ऑपरेशननंतरच गेला होता. तिला हाताला धरून घरी यांनीच आणलं होतं. निर्णय तिथेच होऊन बसला होता, तरी विचारणं चालूच. ज्यांचं ऑपरेशन चांगलं झालं, "त्याईची गोष्ट अलग हाय." मी तर भांडलोसुद्धा, दुपट्टा कानांवर गेला. शेवटी नागपूरच्या महाल भागातला एक ओळखीचा म्हणाला, माझ्या सासूचं थेंबांवरच भागलं. झालं, सगळे हेच म्हणू लागले.

निदान काकूंना तरी विचारा, असं मी म्हटलं. "तिले भेव वाटते. तिले काय इचारू?" म्हणाले. भेव कोणाला वाटत होतं, ते आम्हाला दिसत होतं. वाईट याचंच वाटतं, की बायकोवर त्यांचा फार जीव होता.

दोन्ही डोळे हळूहळू गेले.

परवा सीताबर्डीत साडीच्या दुकानात दोघं दिसले. लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी दोन साड्या काकूंच्या मांडीवर ठेवल्या. एक हिरवी हाय, एक जांभळी, तुले कोणती पाहिजे, असं विचारून ते थांबले. खरंच उत्तराची वाट पाहत होते.

काकूंनी दोन्ही पदरांवरून हात फिरवला. आवाजात थोडा राग असता, तर मला बरं वाटलं असतं.

"तुमच्या मनात असन ते घ्या जी," त्या म्हणाल्या. "मले आता दोन्ही सारख्याच."