वालाचं तेल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. शेटजींच्या मोटारीचे वाल ड्रायव्हरनं जाळले नव्हते, मी जाळले होते. आणि ते मला त्याच दिवशी, मोटार उघडल्या उघडल्या कळलं होतं.

व्हॉल्व्हला, म्हणजे इंजिनातल्या झडपेला, यवतमाळात आम्ही सगळे वाल म्हणत असू. दारव्ह्याच्या रस्त्याला माझं टिनाचं वर्कशॉप होतं आणि वालाचं काम करावं तर मीच, असा माझा लौकिक होता. त्या लौकिकाचं मूळ लढाईच्या दिवसांत. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवत आणि तिच्या गॅसवर मोटार चालवत. तेव्हा मी दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकत होतो. कोळशाचा गॅस कोरडा. वाल आपल्या बैठकीवर सुकेच आपटत आणि बैठक झिजून खाली जाई. हवेच्या नळीत थेंब थेंब तेल सोडलं की ही झीज कमी होई. जिनिंगमधलं, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातलं, गॅसचं इंजिन त्या तेलावर जास्त टिकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढं खरं. पुढचं सगळं मी या खऱ्याच्या आधारानं रेटलं.

लढाई संपली, भट्ट्या भंगारात गेल्या, मोटारी पेट्रोलवर आल्या. माझं तेल मात्र तसंच राहिलं. पातळ मशीनचं तेल, थोडं रॉकेल आणि तांबडा रंग. टाकी भरली की बाटलीतलं टोपणभर टाका, जुन्या इंजिनाला हेच औषध, असं मी सांगे. पेट्रोलवर त्याचा गुण येतो की नाही हे मी कधी तपासलं नव्हतं. कुणी विचारतही नसे. शेटजींच्या मुनीमजींनी फक्त विचारलं होतं, "वालाचं तेल म्हन्ता, तं वालाच्या शेंगाचं असते काय जी? भाजीले चालन काय?" त्यावर मीही हसलो होतो.

शेटजी कापसाचे व्यापारी. त्यांची मोटार लढाईआधीची, भट्टीवर पळून म्हातारी झालेली. कापसाच्या दिवसांत ती बाभुळगाव, बोरी अरब असे बाजार फिरे. ती चालवणारा माणूस माझ्याच वयाचा होता. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं बायकोसह धम्म घेतला. परत आला तेव्हा पांढरा सदरा घालून वर्कशॉपात आला. बाहेर टिनाच्या खाचेत त्याच्यासाठी एक वेगळा कप ठेवलेला असे. त्यानं तो काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मिस्तरी, हा आता तुमच्या ग्रीससाठी ठेवा. चहा पाजाचा असंन तं तुमच्यासंगं पाजा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी तो कप खरंच ग्रीसला वापरू लागलो आणि चहा आम्ही एकाच किटलीतला, सारख्या कपांतून पिऊ लागलो. मला वाटलं, एवढ्यानं माझं काम झालं.

त्याच्या पुढच्या हंगामात शेटजी एक दिवस मोटार घेऊन आले. इंजिन चालू होतं आणि वाल टिकटिक करत होते.

"मिस्तरी, हे बंद कर. बाजारात गाडी शिरली का लोक म्हन्ते, शेटची शिलाई मशीन आली!"

"शेटजी, जुनी गाडी हाय, थोडी बोलनच."

"मले बोलनारी गाडी नाही पाह्यजे. मले मुकी पाह्यजे. तुयाच्यानं होत नसंन तं अमरावतीले नेतो."

अमरावतीचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. खरं म्हणजे ही टिकटिक आजार नसते. इंजिन तापलं की वालाची दांडी लांबते. तेवढी जागा तिच्याखाली मोकळी सोडावी लागते. त्या मोकळ्या जागेचाच तो आवाज. जागा ठेवली नाही तर आवाज थांबतो, पण तापलेला वाल बैठकीवर पुरता टेकत नाही आणि आगीची जीभ त्या फटीतून जात राहते. हे मला पाठ होतं. आमच्या भागात मात्र मोटारीची पारख लोक कानांनी करत. मुकी ती चांगली. मी एकेक वाल घट्ट केला. इंजिन चालू केलं. शिवणयंत्राचा आवाज गेला. शेटजी बॉनेटला कान लावून उभे राहिले आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

"आता काय भेव नाही ना?"

"वालाचं तेल टाकत राह्यलं म्हन्जे काही होत नाही," मी म्हणालो.

तेलाची बाटली ड्रायव्हरच्या ताब्यात दिली. टाकी भरली की टोपण मोजून टाकायचं, असं त्याला शेटजींसमोर सांगितलं.

काही दिवसांनी तो एकटाच आला. "मिस्तरी, गाडी मुकी झाली, पन चढाले दम तोडून राह्यली. काहून जी?"

"तेल टाकतोस ना?"

"टाकतो ना. दर खेपेले टाकतो."

"मंग टाकत राह्य."

तेव्हा दोन पान्यांचं काम होतं. सगळे वाल मोकळे करून दिले असते तर टिकटिक परत आली असती आणि शेटजीही परत आले असते. मी केलं नाही.

मोटार बोरी अरबच्या अलीकडे बंद पडली. बैल जुंपून ती जिनिंगच्या आवारात आणली आणि मला बोलावणं आलं. मी तिथंच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. धूर बाहेर जाण्याचे वाल कडेला खाल्ले गेले होते, जणू कुणी दातांनी तोडले आहेत. आणि आत सगळीकडे ओली, चिकट, जाड काजळी बसली होती. पेट्रोलमध्ये तेल पडल्याशिवाय तशी काजळी बसत नाही. तो माणूस खरंच दर खेपेला तेल टाकत होता. तेलानं वाल वाचले नव्हते, वर घाण मात्र साचली होती. त्याचा खरेपणा माझ्यासमोर काळा होऊन पडला होता.

मी चिंधी घेतली आणि काजळी पुसायला लागलो. हेड उघडलं की साफ करायचंच, हात सवयीनं चालतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खोटं आहे. शेटजी येताना दिसले म्हणून मी पुसली.

भोवती मुनीमजी, दोन गाडीवाले, हमाल उभे होते. ड्रायव्हर मडगार्डला हात लावून उभा.

"यानं तेल टाकलं का नाही?" शेटजींनी मला विचारलं.

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. त्याला काळजी नव्हती. मिस्तरीला सगळं समजते, असा त्याचा चेहरा होता.

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

बस, एवढंच. पुढचं शेटजींनी केलं. "कसं सांगता येईन! तेल घरी गेलं. दिवाळी सोडली म्हन्ते, अन् दिवे माह्या तेलाचे लावते! धरम बदलला, हात तेच!" कुणीतरी हसलं.

ड्रायव्हर म्हणाला, "शेटजी, मी तेल टाकलं. मिस्तरीले इचारा."

"इचारलं ना. त्याले सांगता येत नाही."

मग तो पुन्हा माझ्याकडे वळला नाही. त्यानं किल्ली काढून मडगार्डवर ठेवली आणि जिनिंगच्या फाटकातून निघून गेला. तेलचोर हे नाव त्याच्याआधी गावभर पोचलं. यवतमाळात त्याच्या हाती पुन्हा कुणी स्टिअरिंग दिलं नाही. तो वणीकडे कोळशाच्या खाणीवर गेला असं पुढे कळलं.

मी नवे वाल घासून बसवले. या वेळी जागा बरोबर सोडली. टिकटिक ऐकून शेटजी काही बोलले नाहीत. आता त्यांना चोर सापडलेला होता. नंतर मी गुपचूप माझ्या तेलाची परीक्षा घेतली. भाड्यानं फिरणाऱ्या दोन जुन्या मोटारी माझ्याकडेच दुरुस्तीला येत. दोन्हींच्या वालांना सारखी जागा दिली. एकीला तेल, दुसरीला नाही. हंगाम संपल्यावर दोन्ही उघडल्या. वाल सारखेच निघाले. तेलाच्या मोटारीत काजळी तेवढी जास्त. कोळशाच्या गॅसवर जे उपयोगाचं होतं ते पेट्रोलवर नव्हतं. मी तेल विकणं बंद केलं. लोकांना सांगितलं, रंग मिळत नाही.

काही वर्षांनी वणीला एका मालमोटारीच्या कामाला गेलो होतो. स्टँडवर त्यानंच मला ओळखलं. केस पिकले होते, नखांत कोळसा होता.

"काय मिस्तरी, खपते का तेल?"

"नाही. बंद केलं."

त्यानं हॉटेलात नेऊन मला चहा पाजला. पोरगी शाळेत पहिली आल्याचं सांगितलं. मी कप हातात धरून बसलो होतो, आता बोलतो, आता बोलतो असं करत. तेवढ्यात तोच म्हणाला, "मी लय इचार केला जी. तुमच्यासारखा मानूस खोटं कायले बोलन? एखाद्या खेपेले राहून गेलं असंन मायाकडून. घाईत. त्याच्यानंच जळले असंन वाल."

मी म्हणालो, "झालं गेलं." बस आली, आणि मी चढलो.

शेटजी आता थकले आहेत, पण आहेत. मुनीमजी आहेत. जिनिंगचं आवार तसंच आहे. हे कागदावर लिहिलं म्हणून काही फिटलं असं मी धरत नाही. त्याचं नाव चार माणसांत गेलं, ते चार माणसांतच परत यायला हवं. वणीला जाऊन त्याला सोबत आणायचं आहे, त्याच आवारात उभं राहायचं आहे आणि सगळ्यांदेखत म्हणायचं आहे: यानं दर खेपेला तेल टाकलं होतं, वाल मी जाळले. हे एवढं त्याचं माझ्याकडे अजून बाकी आहे.