झेंडूची माळ आणि उजव्या कोपऱ्यातला सांधा

कोलशेतच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघे भागीदार होतो. तो तिथल्याच कोळीवाड्यातला, मी कल्याणहून येणारा. इंजिन माझ्याकडे, वेल्डिंग त्याच्याकडे. ॲल्युमिनियमला हात लावायला भलेभले वेल्डर कचरत. हा मात्र आधी बढाया मारायचा आणि मग त्या खऱ्या करून दाखवायचा.

नव्वदचं दशक सरत आलेलं. डोंबिवलीच्या एका कंत्राटदाराने टर्बो डिझेल जीप आणली. डोंगरातल्या साइटवर चढताना गाडी दमते, म्हणाला. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि ती थंड करून इंजिनाला देण्याचं काम इंटरकूलरचं. या जीपचा इंटरकूलर लहान होता. आम्ही भंगारातून ट्रकचा मोठा आणला आणि रेडिएटरच्या पुढे बसवायचं ठरवलं. तो मावेना, म्हणून पुढच्या जाळीच्या पट्ट्या कापल्या. भागीदाराने इंटरकूलरची तोंडं कापून नव्याने जोडली. मग हवा भरून तो पाण्याच्या पिंपात बुडवला आणि एकही बुडबुडा येत नाही हे मला ओढत नेऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारांची पूजा झाल्यावर जीपच्या त्या उघड्या तोंडावर आंब्याची पानं घातलेली झेंडूची जाड माळ मीच बांधली. चाचणी त्याच्या पुढच्या दिवशी, माळशेज घाटात. भागीदाराच्या घरी पाहुणे होते, त्यामुळे तो येणार नव्हता. निघताना तो म्हणाला, "घाटाआधी ती माळ काढ रे. नाहीतर एवढं फुप्फुस लावलंय आणि तूच नाक दाबशील."

मी हसलो. पण दसऱ्याची माळ सुकल्याशिवाय काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. मी काढली नाही.

मुरबाडपर्यंत गाडी अशी पळाली की शेजारी बसलेला कंत्राटदार खिडकीबाहेर हात काढून वारा खाऊ लागला. घाटात तापमानाचा काटा चढू लागला. पुढच्या वळणावर थांबू, असं म्हणत मी दोन-तीन वळणं घेतली. मग वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. कंत्राटदार डबा घेऊन पाणी शोधायला गेला. मी बॉनेट उघडलं. पानं आणि पाकळ्या आत ओढल्या जाऊन इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मध्ये गच्च बसल्या होत्या. मी मूठमूठ उपसून दरीत टाकल्या, मागोमाग माळही.

कंत्राटदार परत आला आणि काय झालं म्हणून त्याने विचारलं.

"इंटरकूलरचा सांधा गेला असेल," मी म्हणालो.

इंजिनाचं हेड तापून तडकलं होतं. कंत्राटदाराने डोंबिवलीभर भागीदाराचं नाव खराब केलं. गिऱ्हाइकं त्याला वगळून माझ्याशी बोलू लागली. भागीदाराने सांधा बघायला मागितला, तेव्हा तो इंटरकूलर भंगारात गेला असं मी सांगितलं. तो भांडला नाही. आधी त्याच्या बढाया थांबल्या, मग त्याचं येणं. टिटवाळ्याला मेव्हण्याच्या दुकानात बसतो, असं नंतर कळलं. टपरीवाला सवयीने दोन ग्लास चहा पाठवत राहिला. एकच पाठव, असं मीही त्याला कधी सांगितलं नाही. एक प्यायचो, दुसऱ्यावर साय धरायची. तसंच गॅरेज चालवलं, बंद करेपर्यंत.

बऱ्याच वर्षांनी तो मला खोपटच्या एसटी डेपोत भेटला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्याची गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "उजव्या कोपऱ्यातला सांधा ना? तो मी घाईत मारलेला. तेव्हाच कळलेलं मला."

"आता काय त्याचं," मी म्हणालो. तो गाडीत चढला. आता तो नाही.

इंटरकूलर भंगारात गेला नव्हता. घाटातून आल्यावर, गॅरेजमध्ये कोणी नसताना, मी तो हवा भरून पिंपात बुडवला होता. एकेक कोपरा, उजवाही, वर धरून बराच वेळ बघत राहिलो. पाणी हललंसुद्धा नाही.