उंबऱ्यावरची कुबडी

किन्हवलीहून ती येते, एका कुबडीवर. गावोगाव फिरून अपंगांना बैठकीला बोलावते. कुणाच्याही घरी टेकली की कुबडी आधी उंबऱ्यावर आडवी टाकते, म्हणजे दार लागत नाही. पंचायतीतही तेच. शिपाई कुरकुरला तर म्हणते, "असू दे रे. दार लागलं का माझा जीव घाबरतो." बोलता बोलता तिची नजर मात्र घरातल्या बंद दारांवरून फिरत असते.

मला तिची भीती वाटते. माझी लेक मोठी झाली, पण मतिमंद आहे. तिच्या खोलीचं दार परसात उघडतं आणि परसातच बिनकठड्याची विहीर. भातलावणीला जाताना मी दाराला बाहेरून कडी घालते.

आज कडी घालत होते, तोच कुबडी टेकत ती परसात आली.

"आत कोण हाय गो?"

"कोण नाय."

तेवढ्यात लेकीने आतून दारावर थाप मारली.

मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने नुसता कडीला हात घातला.

"विहिरीत पडली म्हंजे?" मीच म्हणाले.

"मंग कठडा विहिरीला पायजे. कडी पोरीला कशाला?"

तिने कडी काढली, कुबडी उंबऱ्यावर आडवी टाकली आणि कुंपण धरत, लंगडत निघाली.

"अगो, कुबडी!"

"ऱ्हाऊ दे. बैठकीला पोरीबरोबर घेऊन ये."

शेतावरून हाका येताहेत. लेक उंबऱ्यात बसून विहिरीकडे बघते आहे. कडी घालायची तर आधी ती कुबडी उचलायला हवी.